शेंगू सोबत शोधतो

सकाळचे सात वाजून दहा मिनिटं झाली, आणि शेंगू एकटा पडला.

पोंऽऽ पों! लाल एसटी आली.
ढर्रर्र ढर्रर्र! लाल एसटी गेली.
एसटीत बसून रुंजी गेली. दिवाळीची सुट्टी संपली. रुंजीची शाळा सुरू झाली.

शेंगू म्हणजे रुंजीचं कुत्र्याचं पिल्लू. एवढंसं. ओंजळीत मावेल एवढंसं. रंग भाजलेल्या शेंगदाण्यासारखा, म्हणून नाव शेंगू.

रुंजीचं गाव टेपवाडी. टेपवाडी डोंगराच्या उतारावर. एक घर खाली, एक घर वर, एक घर त्याच्या वर. सगळ्यात वरचं घर रुंजीचं. घराच्या वर कुंपण. कुंपणाला कवाडी. कवाडीच्या पलीकडे डोंगराची वाट.

सुट्टीत रुंजी रोज सकाळी शेंगूला फिरायला न्यायची. कवाडी उघडायची, कर्र! आणि दोघं डोंगरावर. दगड हुंगायचे. गवतात लोळायचं. माथ्यावर बसून खालची घरं बघायची.

रोज निघताना रुंजीची आई विचारायची, "रुंजे, सोबत आहे ना गं?"
रुंजी म्हणायची, "आहे!"
की कवाडी उघडलीच.

आज रुंजी नाही. शेंगू कवाडीपाशी गेला. पंजानं कवाडी खाजवली. खर्र खर्र, खर्र खर्र.

रुंजीची आई अंगण झाडत होती. झाडू हातात तसाच धरून ती धावत आली.

"ए शेंग्या! कुठं निघालास?"
"डोंगरावर. फिरायला."
"एकटाच?"
"हो."
"नाही हं, बाळा. एकट्यानं जायचं नाही. वर काटे आहेत. वर कपारी आहेत. पाय घसरला तर मला कळायचं कसं? सोबत आण. सोबत असल्याशिवाय मी कवाडी उघडायची नाही."

शेंगू विचारात पडला.
सोबत? सोबत म्हणजे काय असेल?
रुंजी रोज म्हणायची, सोबत आहे. कुठं ठेवायची ती सोबत? खिशात? दप्तरात? वेणीत?

शेंगूनं पायरीखाली हुंगलं. हुंग हुंग. तिथे चप्पल होती. सोबत नव्हती.
पाटीखाली हुंगलं. हुंग हुंग. तिथे कोंबडी होती. कोंबडी म्हणाली, "कॉक! उठ इथनं!" सोबत नव्हती.

"घरात नाही," शेंगू म्हणाला. "कुणाकडे तरी मागून आणू."

शेंगू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.
मागे पाहिलं. कोणी नाही.
पुढे पाहिलं. कोणी नाही.
लुटूलुटू, लुटूलुटू.

शेजारच्या ओट्यावर चांदी शेळी बसली होती. तोंड हलवत होती. चर्वट चर्वट, चर्वट चर्वट.

"शेळीमावशी, शेळीमावशी, सोबत देतेस का?
आई कवाडी उघडीना,
शेंगूला डोंगर मिळेना.
मग शेंगूनं काय करावं?"

"सोबत ना? देईन की!" शेळी म्हणाली. "त्यात काय एवढं?"

"खरंच? आहे तुझ्याकडे?"

"आहे म्हणजे? भरपूर आहे!"

शेंगूनं शेळीच्या पोटाखाली पाहिलं. सोबत दिसली नाही. शिंगांत पाहिलं. तिथे पण नाही. दाढीत असेल, असं म्हणून त्यानं दाढी हुंगली.

"अरे, गुदगुल्या होतात!" शेळी म्हणाली. "पण ऐक. रिकाम्या पोटी मी कुणाला सोबत देत नाही. कालचंच चघळत बसलेय मी. उंबराचा हिरवा पाला मिळू दे. पाला खाईन, मगच येईन."

"मी आणतो पाला!"

शेंगू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.
मागे पाहिलं. कोणी नाही.
पुढे पाहिलं. कोणी नाही.
एका अंगणात मुलांनी केलेला दिवाळीचा किल्ला होता. किल्ल्यावर मातीचा एक मावळा उभा होता. मुलं नव्हती.
लुटूलुटू, लुटूलुटू.

वळणावर उंबराचं झाड होतं. जाडजूड. पाला हिरवागार. पण सगळा वर, वर, खूप वर.

"उंबरदादा, उंबरदादा, जरा वाक ना!
शेळी सोबत देईना,
आई कवाडी उघडीना,
शेंगूला डोंगर मिळेना.
मग शेंगूनं काय करावं?"

उंबर हसला. दोन पिकली उंबरं खाली पडली. टप्प, टप्प. एक शेंगूच्या डोक्यावर.

"वाकू? मी?" उंबर म्हणाला. "माझी कंबर बघ केवढी! आपलं आपण वाकायला मी काय गवत आहे? वाऱ्यानं धक्का दिला, तरच वाकेन. जा, वाऱ्याला सांग."

शेंगू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.
मागे पाहिलं. कोणी नाही.
पुढे पाहिलं. कोणी नाही.
एका दारात जुना आकाशकंदील लटकत होता. शेपट्या फाटलेल्या. हलत नव्हत्या. दाराला कडी होती.
लुटूलुटू, लुटूलुटू.

पुढे बांबूचं बेट होतं. आत गार. आत काळोख. आत वारा झोपला होता. घुर्रऽऽ फूऽ, घुर्रऽऽ फूऽ.

शेंगूला जरा भीती वाटली. त्यानं शेपूट पोटाखाली घातलं. पण तो बोलला.

"वारेमामा, वारेमामा, उठ ना!
उंबर वाकेना,
शेळी सोबत देईना,
आई कवाडी उघडीना,
शेंगूला डोंगर मिळेना.
मग शेंगूनं काय करावं?"

वाऱ्यानं एक डोळा उघडला.

"मला बोलावलंय का कुणी?" वारा म्हणाला. "बोलावल्याशिवाय मी कुणाच्या दारात जात नाही. मला पण मान आहे!"

"मी बोलावतोय की."

"असं नाही. टेपवाडीत नाचणी उफणायला बसले, की गोंदाआबा शीळ घालतात. लांब शीळ. ती ऐकली, की मी निघतो. आज शीळ नाही. म्हणून मी झोपलोय. जा, आबांना सांग."

घुर्रऽऽ फूऽ. वारा परत झोपला.

शेंगू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.
मागे पाहिलं. कोणी नाही.
पुढे पाहिलं. कोणी नाही.
वाटेत खडूनं काढलेले लंगडीचे चौकोन होते. शेंगू एका चौकोनात उभा राहिला. थोडा वेळ थांबला. 'आऊट' म्हणायला कोणीच आलं नाही.
लुटूलुटू, लुटूलुटू.

खळ्यावर गोंदाआबा बसले होते. शेजारी भागाकाकू बसल्या होत्या. पुढ्यात नाचणीची रास. नाचणीत सगळा भुसा. आबांच्या हातात सूप. सूप वर जायचं, नाचणी खाली यायची. भुसा पण खालीच यायचा! वारा नाही, तर भुसा उडेल कसा?

आबा तोंडाचा चंबू करून बसले होते. फू. फू. फू.

"आबा, आबा, शीळ घाला ना!
वारा सुटेना,
उंबर वाकेना,
शेळी सोबत देईना,
आई कवाडी उघडीना,
शेंगूला डोंगर मिळेना.
मग शेंगूनं काय करावं?"

"घ्या!" भागाकाकू म्हणाल्या. "आता कुत्र्याचं पिल्लूसुद्धा सांगायला आलं. मी मघापासून तेच सांगतेय. सकाळपासून यांचं नुसतं फू फू चाललंय. एवढी चूल फुंकली असती, तर भाकरी तरी झाली असती!"

"अगं, तोंड कोरडं पडलंय," आबा म्हणाले. "ओठ ओले झाल्याशिवाय शीळ निघायची नाही."

"बोलायला बरे ओले होतात!"

"तू गप्प बस जरा. शेंग्या, इकडे बघ. ही बांबूची पन्हळ. हिच्यातून झऱ्याचं पाणी खळ्यावर येतं. आज थेंब नाही. तांब्या पण रिकामा. झरा वाहू दे. ओठ ओले होऊ देत. मग बघ कशी शीळ घालतो. जा, झऱ्याला सांग."

शेंगू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.
मागे पाहिलं. कोणी नाही.
पुढे पाहिलं. कोणी नाही.
ऊन होतं. शेंगूची सावली पण एवढीशीच होती. ती त्याच्या पायाखालीच लपून बसली होती.
लुटूलुटू, लुटूलुटू.

खळ्याच्या मागे, जरा वर, कातळ होता. काळा काळा, मोठा मोठा. कातळाला एक भोक होतं. भोकात झरा होता. पण पाणी नव्हतं. आतून नुसता आवाज यायचा. गुळुक. गुळुक.

"झरेबुवा, झरेबुवा, वाहा ना!
शीळ निघेना,
वारा सुटेना,
उंबर वाकेना,
शेळी सोबत देईना,
आई कवाडी उघडीना,
शेंगूला डोंगर मिळेना.
मग शेंगूनं काय करावं?"

"गुळुक," झरा म्हणाला. "गुळुक गुळुक गुळुक."

"काय? मला कळलं नाही."

"कसं कळेल? माझ्या तोंडात खेकडा बसलाय! तोंडात खेकडा घेऊन कुणाला नीट बोलता येतं का? तो हलला, की मी वाहीन. जा, त्याला सांग. गुळुक."

शेंगूला आता कुठे जायचं नव्हतं. खेकडा तिथेच होता. शेंगूनं भोकात डोकं घातलं. आत दोन डोळे होते. काड्यांवर बसवल्यासारखे.

"खेकडोबा, खेकडोबा, हल ना!
झरा वाहेना,
शीळ निघेना,
वारा सुटेना,
उंबर वाकेना,
शेळी सोबत देईना,
आई कवाडी उघडीना,
शेंगूला डोंगर मिळेना.
मग शेंगूनं काय करावं?"

खेकड्यानं डोळे आत ओढले.

"खेकडोबा, ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग हल ना."

"नाही हलणार."

"का रे?"

खेकड्यानं नांग्या पोटाशी घेतल्या. हळूच म्हणाला, "मला एकट्याला भीती वाटते."

शेंगू खाली बसला.

"पावसात आम्ही खूप जण होतो," खेकडा म्हणाला. "मोठे होते. छोटे होते. मग पाऊस गेला. सगळे खालच्या ओहोळात गेले. मी झोपलो होतो. उठलो, तर कोणी नाही."

"मी तर जागा होतो," शेंगू म्हणाला. "तरी एसटी गेली."

गुळुक, झरा आतून म्हणाला.

"तो बघ ओहोळ," खेकडा म्हणाला. "कातळाच्या पलीकडे. दिसतो ना? पण मधे सगळा उघडा कातळ. वर घार फिरते. एकट्यानं कसं जायचं? तू मला सोबत देतोस का?"

शेंगू दचकलाच.

"मी? माझ्याकडे नाही रे सोबत! असती तर मी इथं आलो असतो का?"

"असेल. नीट बघ."

शेंगूनं नीट पाहिलं. पुढचे पंजे पाहिले. मागचे पंजे पाहिले. कान हलवून पाहिले, फटक फटक. शेपूट पाहायला गेला, तर शेपूट पळालं. त्याच्या मागे शेंगू पळाला. गोल गोल, गोल गोल. धप्प!

"नाही सापडली," शेंगू म्हणाला. त्याच्या डोळ्यात पाणी आलं.

"अरे वेड्या," खेकडा म्हणाला, "काही शोधू नकोस. तू नुसता माझ्या बाजूनं चल. एवढंच."

"एवढंच?"

"एवढंच."

एवढं शेंगूला येत होतं. तो उठला. खेकडा भोकातून बाहेर आला.

खेकडा निघाला. खुडुक खुडुक, खुडुक खुडुक.
शेंगू निघाला. लुटूलुटू, लुटूलुटू.

पण खेकडा चालला तिरका. शेंगू चालला सरळ. खेकडा इकडे, शेंगू तिकडे!
"अरे, बाजूनं म्हटलं ना!"
मग शेंगू पण तिरका चालला. या पायात तो पाय, त्या पायात हा पाय. धप्प! उठला. परत तिरका चालला.

खुडुक खुडुक. लुटूलुटू. धप्प.
खुडुक खुडुक. लुटूलुटू. धप्प.

इतक्यात कातळावर सावली आली. मोठी. काळी. फिरणारी.

"घार!" खेकडा म्हणाला. आणि जागच्या जागी थिजला.

शेंगू पण घाबरला. पण तो पळाला नाही. तो खेकड्याच्या वर उभा राहिला. खेकडा त्याच्या पोटाखाली. शेंगूनं मान वर केली. तोंड उघडलं.

"भू!"

एवढासाच भू. शेंगू याआधी कधी भुंकला नव्हता. त्याला वाटलं, कोण भुंकलं?

"भू! भू!"

घार वर वर गेली. लांब लांब गेली. ठिपका झाली.

खुडुक खुडुक. लुटूलुटू.
ओहोळ आला. खेकडा पाण्यात शिरला. डुबुक! पाण्यात कितीतरी डोळे वर आले. काड्यांवर बसवल्यासारखे. मोठे होते. छोटे होते.

"सोबत दिलीस रे, शेंगू!" खेकडा म्हणाला. "फार चांगली होती तुझी सोबत!"

"कुठे होती? मला दाखव ना!"

पण खेकडा खाली गेला. नुसते बुडबुडे वर आले. बुड बुड बुड. मग तेही थांबले.

शेंगू काठावर एकटाच उभा राहिला.

आणि मागून आवाज आला. गुळुक. गुळुक. गुळळळ. खळळळळ!

खेकडा हलला, झरा वाहिला!
पाणी कातळावरून आलं. पाणी पन्हळीत आलं. पाणी खळ्यावर आलं. आबांनी ओंजळ भरली. ओठ ओले केले. तोंडाचा चंबू केला.

शूऽऽऽऽ ईऽऽऽऽ!

"निघाली बाई एकदाची!" भागाकाकू म्हणाल्या. "आता पुरे, कानठळ्या बसल्या माझ्या."
पण त्या हसत होत्या.

झरा वाहिला, शीळ निघाली!
शीळ बांबूच्या बेटात गेली. वाऱ्यानं दोन्ही डोळे उघडले. "आलो, आलो!" कर्र कर्र बांबू वाजले. सूंऽ सूंऽ वारा निघाला. खळ्यावरचा भुसा उडाला. भागाकाकूंच्या डोक्यावर बसला. आबा हसायला लागले.

शीळ निघाली, वारा सुटला!
वारा उंबराकडे गेला. दिला एक धक्का! उंबराची फांदी वाकली. अजून वाकली. अजून वाकली. शेळी उठून आली. मागच्या दोन पायांवर उभी राहिली.

वारा सुटला, उंबर वाकला!
कचर कचर, कचर कचर. शेळीनं हिरवा पाला खाल्ला. पोट भरलं. दाढी पुसली. तेवढ्यात ओहोळाकडून शेंगू पळत आला.

उंबर वाकला, शेळी निघाली!
"चल रे, शेंगू," शेळी म्हणाली. "मी शब्दाची पक्की आहे."

दोघं कवाडीपाशी आली. रुंजीची आई तिथेच उभी होती. ती मघापासून तिथेच होती. हातात झाडू. अंगण अर्धंच झाडलेलं.

"कुठं होतास रे इतका वेळ? जीव टांगणीला लागला माझा!"

"सोबत आणायला गेलो होतो."

"आणलीस?"

शेंगूनं शेळीकडे पाहिलं. शेळीच्या तोंडात पाला होता. दाढीला पाला होता. बाकी काही नव्हतं.

"ही म्हणते, तिच्याकडे आहे," शेंगू म्हणाला. "मला अजून दिसली नाही."

रुंजीच्या आईनं शेळीकडे पाहिलं. शेंगूकडे पाहिलं. पदरानं डोळे पुसले. वाऱ्यानं भुसा गेला असेल डोळ्यात.

"आहे हो," ती म्हणाली. "चांगली खणखणीत सोबत आहे. जा. पण चांदे, कड्याच्या टोकाला जाऊ देऊ नकोस हं त्याला. काटेरी झुडपात तोंड घालू देऊ नकोस. दमला तर बसवून ठेव. आणि तू खात खात पुढे जाशील, तसं करू नकोस. आणि अंधार पडायच्या आत—"

"बाई," शेळी म्हणाली, "कवाडी उघडतेस का? माझं खाल्लेलं जिरलं."

कर्र!

शेळी निघाली, कवाडी उघडली!
कवाडी उघडली, शेंगूला डोंगर मिळाला!

शेंगू चालला. लुटूलुटू, लुटूलुटू.
शेळी चालली. टकटुक, टकटुक.
दगड आला. हुंग हुंग. गवत आलं. लोळ लोळ. चढण आली. शेंगू दमला. शेळी थांबली. शेंगू उठला. शेळी निघाली.

"शेळीमावशी, आता तरी सोबत दे ना."

"अरे, कवाडीपासून देतेय की!"

शेंगू थांबला.
मागे पाहिलं. शेळीची सावली होती.
पुढे पाहिलं. शेळीचं शेपूट होतं.
शेंगूचं शेपूट हललं. मग म्हणाला, "अच्छा! ही होय!"
आणि पळत तिच्या बाजूला गेला.

माथा आला. माथ्यावर शेळी चरायला लागली. चर्र चर्र. शेंगू बसला. खाली टेपवाडी एवढीशी दिसत होती. एक घर खाली, एक घर वर.

शेंगूला वाटलं, आपण भुंकून बघू. मघाशी जमलं होतं.

"भू!"

आवाज दरीत गेला. दरी गप्प होती.

आणि मग पलीकडून, लांबून, समोरच्या डोंगरावरून आवाज आला.

"भू."

शेंगूनं कान उभे केले.

"तुझाच आवाज असेल," शेळी म्हणाली. "डोंगर परत देतो."

"नाही. माझा 'भू' बारीक आहे. हा जाड आहे."

समोरच्या डोंगरावर एक वाडी होती. वाडीत एक अंगण होतं. अंगणात एक काळा ठिपका होता. ठिपका या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचा. परत यायचा. परत जायचा.

"भू!" शेंगू म्हणाला.
"भू," ठिपका म्हणाला.

"त्याची रुंजी पण शाळेत गेली असेल," शेंगू म्हणाला. "त्याला कुणी फिरायला नेत नसेल."

"मग बोलाव त्याला."

"एवढ्या लांब? माझे शब्द नाही पोचत. नुसता 'भू' पोचतो."

शेळीनं दरीकडे पाहिलं. दरी खोल होती. शेळीला पण उडी मारता आली नसती.

तर बाळांनो, आणि बाळांच्या आईबाबांनो, तुमच्यापैकी कुणी त्या समोरच्या डोंगरावर जाणार असेल, तर त्या काळ्या कुत्र्याला एवढा निरोप द्या. टेपवाडीचा शेंगू म्हणाला, उद्या सकाळी मी खालच्या ओहोळापाशी येतो. शेळी येणार आहे. तू पण ये. तिघं मिळून फिरू.

आणि त्याच्या घरच्यांनाही सांगा. त्याला एकट्याला सोडू नका, म्हणावं. बाजूनं चालत या.

तुम्ही जाणार नसाल, तर जो जाणार असेल त्याला सांगा. सांगाल ना?